तोडलेलं झाड, फुटणारे धुमारे आणि कामाला लावलेली बुरशी

झाड तोडणं सोपं, संपवणं अवघड. बांधावरची सुबाभूळ उन्हाळ्यात कापावी आणि श्रावणात तिच्या बुंध्याभोवती धुमाऱ्यांचा झुबका उभा असावा, हे आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. वेडी बाभूळ, नीलगिरी, गिरिपुष्प यांचीही हीच तऱ्हा. एरवी झाडांच्या याच गुणावर आपण काय काय उभं केलंय! वनखात्याच्या जुन्या कामकाजात सागासारख्या झाडांचं दुसरं पीक खुंटावरच्या फुटव्यांतूनच धरलं जाई. त्यासाठी खुंट जमिनीलगत कापायचा, वरचा भाग उतरता ठेवायचा आणि साल फाटू द्यायची नाही, अशा सूचना असत. हेतू हा, की पाणी साचून खुंट कुजू नये आणि फुटवा जोमदार यावा. खुंट कुजवणारी बुरशी तिथे शत्रू होती.

याच शत्रूला कामाला लावण्याचे प्रयोग नेदरलँड्स, कॅनडा, दक्षिण आफ्रिका आणि फिनलंड इथे गेली काही दशकं चालले आहेत. नको असलेलं झाड कापायचं आणि ताज्या खुंटावर बुरशी लावायची, म्हणजे फुटवे येत नाहीत किंवा आले तरी टिकत नाहीत. कल्पना एका वाक्यात मावते, म्हणूनच तिच्याभोवती गैरसमजही भराभर जमतात. काही भाबडे, काही घाबरलेले, काही अतिउत्साहाचे.

गैरसमज: खुंटाला भोक पाडून हिंग, मीठ, डिझेल घालतात, त्याचाच हा सुधारलेला प्रकार.

हिंगाची गोष्ट गावोगाव सांगितली जाते. पिंपळाच्या बुंध्यात भोक पाडायचं, हिंगाचा खडा ठेवायचा, वरून शेण लिंपायचं आणि वाट पाहायची. एवढ्याशा खड्याने मोठं झाड मरावं असं हिंगात काही नाही. अशी झाडं मेलीच, तर त्यामागे बहुधा ती भोकं, सालीला घेतलेली गोल खाच, नाहीतर गुपचूप ओतलेलं आणखी काहीतरी असतं. मीठ आणि डिझेल मात्र खरोखर घातक आहेत, पण ते झाडाबरोबर भोवतालची मातीही नासवतात. ग्लायफोसेटसारखं तणनाशक ताज्या खुंटाला चोपडलं तर ते सालीखालून मुळांपर्यंत उतरतं आणि बहुतेक वेळा काम करतं. जगभर सर्वाधिक वापर याच उपायाचा आहे. बुरशीला स्पर्धा करायची ती त्याच्याशी, हिंगाशी नव्हे.

बुरशीचं काम विषासारखं चालत नाही. झाडाच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात. शेंडा आणि वरची पालवी शाबूत असेपर्यंत तिकडून खाली येणारी संप्रेरकं या डोळ्यांना दाबून ठेवतात. झाड कापलं की हा दाब उठतो. मुळांत साठलेली साखर आणि पिष्ट वर येऊ लागतं आणि डोळे फुटतात. आता या खुंटाच्या कापलेल्या तोंडावर बुरशीचे तंतू बसवले, तर ते रसवाहू लाकडात आणि साल-लाकडाच्या मधल्या जिवंत थरात, म्हणजे कॅम्बियममध्ये, खाली खाली शिरतात. तिथली पेशीभित्तिका विरघळवतात, साठा खातात. डोळा आणि मूळ यांना जोडणारा जिवंत भागच मरत गेला, की डोळा जागा होऊनही उपाशी राहतो. म्हणून अशा खुंटांवर कित्येकदा पहिल्या वर्षी फुटवे दिसतात आणि दुसऱ्या वर्षी ते पिवळे पडून वाळतात. ज्याने पहिल्या पावसाळ्यानंतर पाहिलं तो म्हणतो, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या हंगामात पाहणारा वेगळं सांगतो. दोघंही खोटं बोलत नसतात.

गैरसमज: खुंट कुजवायचाच आहे ना, मग कुठलीही बुरशी चालेल.

पावसाळ्यात जुन्या खुंटावर अळंब्या उगवलेल्या दिसतात, त्यावरून हा समज होतो. पण बहुतेक अळंब्या मेलेल्या लाकडावर जगतात. खुंट मेल्यानंतर त्या येतात, खुंट मारत नाहीत. दुसऱ्या टोकाला गॅनोडर्मासारख्या बुरश्या आहेत. नारळ-सुपारीच्या बागा त्यांनी पोखरलेल्या आहेत, राजस्थानात खेजडीच्या मरीशी त्यांचं नाव जोडलं जातं. त्या जिवंत झाडाला मारू शकतात, पण मुळांतून, मातीतून शेजारच्या झाडाकडे सरकतात. अशी बुरशी खुंटावर मुद्दाम लावणं म्हणजे आपल्याच हाताने बागेत रोग पेरणं.

हवी असते ती या दोन टोकांच्या मधली. ताज्या जखमेतून शिरणारी, जिवंत ऊती मारण्याइतकी आक्रमक, पण धडधाकट सालीतून आत न घुसणारी आणि मुळांवाटे न पसरणारी. अशा बुरश्या थोड्या आहेत. प्रत्यक्ष वापरापर्यंत ज्या पोचल्या त्यांत दोन नावं ठळक.

पहिली काँड्रोस्टेरियम पर्प्युरियम. समशीतोष्ण प्रदेशांत सर्रास आढळणारी. मेलेल्या फांदीवर तिचे पातळ, कडा वळलेले पापुद्रे एकावर एक येतात आणि त्यांची खालची बाजू ताजेपणी जांभळट असते. दुसरी सिलिंड्रोबॅसिडियम लेवे. तिला असा रंगही नाही, लाकडावर चिकटलेला फिकट थर एवढंच तिचं रूप. दक्षिण आफ्रिकेत ती ब्लॅक वॉटल या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या खुंटांसाठी वापरली गेली. १९९७ मध्ये तिथे ‘स्टम्पआउट’ या नावाने तिची नोंदणी झाली. बुरशीचे बीजाणू सूर्यफुलाच्या तेलात कालवायचे आणि कापल्या कापल्या खुंटाला लावायचे, अशी रीत.

दोन्ही बुरश्यांचं बळ एकाच गोष्टीत आहे, आधी पोचण्यात. ताजा खुंट ही जंगलातली मोकळी जागा असते आणि हवेतून शेकडो जातींचे बीजाणू तिच्यावर उतरत असतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं माणूस इथे आपल्या पसंतीच्या बुरशीसाठी जागा धरतो. चार-सहा दिवसांनी लावाल तर बाक भरलेला असतो. शिवाय झाडही तोवर जखमेभोवती बचावाच्या भिंती उभारू लागलेलं असतं.

गैरसमज: एकदा सोडली की ती जंगल खात सुटेल.

ही भीती टाकाऊ नाही. काँड्रोस्टेरियम हा युरोपातल्या फळबागायतदारांचा जुना वैरी आहे. प्लम, चेरी, सफरचंद यांच्यावर तो ‘रुपेरी पान’ नावाचा रोग आणतो. गंमत अशी, की पान रुपेरी दिसतं तेव्हा बुरशी पानात नसतेच. ती खाली फांदीच्या लाकडात बसलेली असते. तिथून तिची द्रव्यं रसाबरोबर वर येतात, पानाचा वरचा पापुद्रा खालच्या ऊतीपासून सुटतो, मध्ये हवा शिरते आणि त्या हवेवरून परावर्तित झालेला उजेड पानाला चांदीची झाक देतो. ब्रिटनमधले माळी प्लमची छाटणी थंडीत न करता कोरड्या उन्हाळ्यात करतात ती याच धास्तीने, कारण ओलसर, गार हवेत बीजाणू जास्त सुटतात आणि छाटलेली जखम हीच त्यांची वाट.

मग असला रोग माणसाने मुद्दाम जंगलात का न्यावा? डच लोकांची अडचण समजून घेतली तर उत्तर मिळतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः १९२० च्या दशकापासून, त्यांनी निकृष्ट रेताड जमिनीवरच्या पाइनच्या लागवडीत उत्तर अमेरिकेतली काळी चेरी लावली. पाचोळ्याने माती सुधारेल, वारा अडेल, ही अपेक्षा. चेरीने ती पुरी केली की नाही यावर वाद होईल, पण ती स्वतः मात्र पसरली. पक्षी फळं खात, बिया टाकत, आणि तोडावी तर बुंधा दुप्पट जोमाने फुटे. डच वनरक्षक तिला ‘बॉसपेस्ट’, म्हणजे जंगलाची पीडा, म्हणू लागले. रसायनं वापरायला जनमत अनुकूल राहिलं नाही. वाखेनिंगेनमधल्या संशोधकांना दिसलं, की या चेरीच्या खुंटांवर काँड्रोस्टेरियम आपणहून येतंच आहे, फक्त उशिरा आणि अपुरं.

पुढे त्यांनी जे केलं ते मला या साऱ्या कथेतलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. बुरशी उपयोगी आहे हे दाखवून ते थांबले नाहीत. ‘फळबागांना धोका किती?’ हा प्रश्न त्यांनी आकड्यांत मांडला. डी यॉन्ग, स्खेपेन्स आणि झाडोक्स यांचा हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. विचाराची रीत साधी होती. हवेत या बुरशीचे बीजाणू मुळातच असतात, कारण छाटलेल्या फांद्या आणि मोडलेली झाडं देशभर आहेत. उपचार केलेल्या खुंटांवर बुरशी फळली की त्यांत भर पडेल. ही भर वाऱ्याबरोबर किती अंतरापर्यंत जाते आणि कुठे पोचल्यावर ती नैसर्गिक प्रमाणापुढे नगण्य ठरते, एवढं काढायचं. त्यावरून फळबागांपासून सुरक्षित अंतर ठरवता आलं. त्या अंतरापलीकडे वापरा, अलीकडे नको. ‘धोका शून्य आहे’ असा दावा त्यांनी केला नाही.

जंगल खात न सुटण्याची आणखी कारणं आहेत. ही बुरशी धडधाकट सालीतून शिरत नाही, तिला उघडी जखम लागते. खुंटात शिरल्यावरही तिचं राज्य कायमचं नसतं. ती पहिल्या फळीतली रहिवासी. एक-दोन वर्षांत ती फळते आणि मग लाकूड कुजवणाऱ्या इतर, अधिक चिवट बुरश्या तिला हुसकावून लावतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती तिथलीच आहे. कॅनडात वापरलेला वाण ब्रिटिश कोलंबियातल्या रेड आल्डर झाडावरून घेतलेला होता, परका नव्हता.

गाजर गवतावरच्या मेक्सिकन भुंग्याशी हे ताडून पाहावं. झायगोग्रॅमा हा भुंगा परदेशातून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडला. तो आपणहून पसरावा, टिकावा हाच हेतू होता आणि तो पसरलाही. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याच्या बातम्या आल्या तेव्हा घबराट झाली ती त्यामुळेच, कारण सोडलेला भुंगा परत बोलावता येत नाही. खुंटावरच्या बुरशीचा हेतू उलटा आहे. तिने पसरू नये, लावलेल्या खुंटापुरतं काम करावं आणि पुढच्या खुंटाला माणसाने पुन्हा लावावी. कुणी म्हणेल, हा तर कष्टाचा धंदा झाला. झालाच.

गैरसमज: हिच्या मदतीने नको असलेलं उभं झाड गुपचूप वाळवता येईल.

ज्यांच्या बंगल्यासमोरचं झाड जाहिरातफलकाच्या आड येतं, अशांना हा विषय निघाला की हा प्रश्न हमखास सुचतो. न कापलेल्या झाडावर ही बुरशी चोपडून काही होत नाही. जखम करून लावली तरी जोमदार झाड पुष्कळदा तिला आतल्या आत कोंडून टाकतं. आणि १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या कायद्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. हत्यार कुऱ्हाड आहे की बुरशी, याने फरक पडत नाही.

गैरसमज: ट्रायकोडर्मा आहेच की आपल्याकडे, तेच खुंटाला लावू.

ट्रायकोडर्मा आज कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. हरभऱ्याच्या मर रोगापासून आल्याच्या कंदकुजीपर्यंत ते वापरलं जातं, त्यामुळे ‘चांगली बुरशी’ म्हटलं की तेच नाव तोंडी येतं. पण त्याचं काम दुसऱ्या बुरश्यांना मारण्याचं आणि दाबण्याचं. झाडाचा जिवंत खुंट मारणं हा त्याचा धंदा नाही. उलट युरोपात रुपेरी पानाच्या रोगावर उपाय म्हणून फळझाडांच्या खोडात ट्रायकोडर्माच्या गोळ्या आणि खुंट्या बसवण्याचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे ते काँड्रोस्टेरियमचा शत्रूच. फुटवे थांबवायला म्हणून खुंटाला ट्रायकोडर्मा फासणारा माणूस त्या खुंटाला बुरशीपासून वाचवण्याचीच व्यवस्था करतो.

गैरसमज: युरोपात तर सगळीकडे खुंटांवर बुरशी फवारतात, फुटवे येऊ नयेत म्हणून.

फवारतात, पण कारण वेगळं आहे आणि हा घोळ शिकलेल्या लोकांतही आढळतो. स्कँडिनेव्हिया, पोलंड, ब्रिटन इथे पाइन आणि स्प्रूस तोडताना खुंटावर फ्लेबिऑप्सिस जायगँटिया ही बुरशी लावतात. तोडणी यंत्राच्या करवतीच्या पात्यातूनच रंग मिसळलेलं बीजाणूंचं पाणी खुंटावर पडतं. रंग अशासाठी, की खुंट पुरता झाकला गेला की नाही ते दिसावं. पण पाइन आणि स्प्रूस बुंध्यापासून फुटतच नाहीत. तिथे फुटव्यांचा प्रश्नच नाही.

तिथला प्रश्न हेटेरोबॅसिडियन नावाच्या मूळकुजव्या बुरशीचा. ती ताज्या खुंटावर उतरते, मुळांत शिरते आणि जमिनीखाली जिथे एका झाडाची मुळं दुसऱ्याच्या मुळांना भिडतात तिथून उभ्या झाडांत जाते. केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हा मार्ग उलगडला. खुंटावर निरुपद्रवी बुरशी आधी बसवली तर हेटेरोबॅसिडियनला जागा उरत नाही, हे त्यांनी दाखवलं. १९६३ मधला त्यांचा त्यावरचा निबंध वनरोगशास्त्रात आजही मैलाचा दगड मानतात. फिनलंडमध्ये त्यावरूनच ‘रॉटस्टॉप’ हे उत्पादन आलं. म्हणजे एका ठिकाणी बुरशी खुंटाला लावतात ती शेजारची झाडं वाचवायला, दुसऱ्या ठिकाणी तो खुंटच मारायला. पहिलं काम आज नेहमीच्या तोडणीचा भाग झालं आहे. दुसऱ्याने अजून त्या मानाने बाळसं धरलेलं नाही. दोन्हींचे आकडे एकत्र करून ‘परदेशात हे तंत्र सर्वत्र वापरतात’ असं सांगणं ही दिशाभूल आहे.

गैरसमज: बुरशी लावली की वर्षभरात खुंट भुसभुशीत होऊन नाहीसा होतो.

फुटवे थांबणं आणि खुंट नाहीसा होणं या दोन वेगळ्या गोष्टी. ज्यांना नांगर अडतो किंवा घराचा पाया काढायचा आहे त्यांच्या उपयोगाचं हे नाही. जाड खुंटाचं लाकूड मातीत मिसळायला वर्षं जातात आणि तेही दुसऱ्याच बुरश्यांच्या हातून. त्यांना जेसीबी बरा.

फुटवे थांबण्याचीही खात्री नसते. कशावर लावता, केव्हा लावता, कोणता वाण लावता, यावर सगळं फिरतं. फिनलंडचे प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. तिथला प्रश्न वीजवाहिन्यांखाली आणि नव्या स्प्रूस लागवडीत माजणाऱ्या बर्चचा. काँड्रोस्टेरियमने बर्चचे फुटवे चांगले रोखले, पण वसंत ऋतूच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत लावल्यावर. शरद ऋतूत लावली तेव्हा परिणाम घसरला. अ‍ॅस्पेनवर तर ती फारशी चाललीच नाही. अ‍ॅस्पेन बुंध्याऐवजी मुळांतून दूरदूर कोंब काढतो, आणि खुंटाच्या तोंडावर बसलेली बुरशी तिथवर पोचत नाही.

वेळेचा हा हिशेब बुरशीपुरता नाही. पानगळीनंतर, पालवी फुटण्याआधी झाड तोडलं तर मुळांत साठा भरलेला असतो आणि धुमारे सर्वांत जोमाने येतात. फुटव्याचं पीक घेणारे वनाधिकारी तोड त्याच दिवसांत ठेवत ते उगाच नव्हे. ज्याला फुटवे नकोत त्याने नवी पालवी पुरती पसरल्यावर तोडावं, कारण साठा तेव्हा खर्च झालेला असतो. बुरशी नसली तरी या एका गोष्टीने काम थोडं हलकं होतं आणि तिला पैसा लागत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकावा. ही उत्पादनं बाजारात तग धरू शकली नाहीत किंवा कोपऱ्यात राहिली, याला जनतेची भीती जबाबदार नाही. काँड्रोस्टेरियमचं डच उत्पादन ‘बायोचॉन’ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं आणि काही वर्षांतच गेलं. कॅनडात त्याच बुरशीच्या ‘चॉन्ट्रोल’ला मान्यता मिळाली आणि त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः वीजवाहिन्यांखालची झाडी साफ करणाऱ्या संस्था राहिल्या. जिवंत बुरशी थंड ठेवावी लागते, ती फार दिवस टिकत नाही. माणसाला करवतीमागून चालत प्रत्येक खुंटाला ती हाताने लावावी लागते. नोंदणीचा खर्च मोठा, बाजार मात्र चिमूटभर. तणनाशकाची बाटली गोदामात पडून राहिली तरी चालते. फिनलंडमध्ये झाडी कापणाऱ्या यंत्रालाच बुरशीची टाकी जोडून कापता कापता फवारण्याचा प्रयत्न झाला तो मजुरीचा हा घोर टाळायलाच.

गैरसमज: फुटवे थांबले की उपद्रवी झाड हटलं.

ब्लॅक वॉटलची गोष्ट इथे पुन्हा घ्यावी लागते. १८६४ च्या सुमारास तिचं बी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात गेलं. पुढे चामडं कमावायच्या सालीसाठी तिची मोठी लागवड झाली आणि नद्यांच्या काठाने ती रानोमाळ पसरली. दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ ही मोहीम सुरू केली ती अशा परक्या झाडांनी पिऊन टाकलेलं पाणी परत मिळवण्यासाठी. गुंता असा, की त्याच देशात ही बाभूळ शेतकऱ्याचं नगदी पीकही आहे. लागवडीवर उठेल असा कीटक किंवा रोग सोडता येत नाही. म्हणून फक्त तोडलेल्या खुंटाला मारणारी, उभ्या लागवडीला हात न लावणारी बुरशी तिथे सोयीची ठरली. हे शहाणपण मान्य. पण वॉटलचं बी मातीत दशकानुदशकं जिवंत राहतं आणि आग लागली, माती हलली की रोपांचा सडा पडतो. खुंट मेला, बी तिथेच.

हीच बाभूळ इंग्रजांच्या काळात निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर आली. शोला जंगलांच्या मधली गवताळ कुरणं तिने गिळली. ती हटवण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. तिथे काम करणारे लोक सांगतात, की तोडणं हा सर्वांत सोपा भाग. खरी लढाई नंतर वर्षानुवर्षं रोपं उपटण्याची. कोणत्याही बुरशीने ही उपटणी माफ होत नाही. आपल्या सुबाभळीचंही तेच. एका झाडाच्या शेंगांनी खाली जो गालिचा अंथरलेला असतो, त्यातलं बी कुठलाच खुंट-उपचार मारत नाही.

गैरसमज: मग बाहेरून एक डबा मागवू आणि महाराष्ट्रात वापरू.

एक तर तसा डबा मागवता येत नाही. जिवंत बुरशी देशात आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली परवानगी लागते आणि कीड-तणनाशक म्हणून विकायची तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी. ट्रायकोडर्मा, बव्हेरिया, मेटारायझियम याच वाटेने बाजारात आले. नियम जाचक वाटतात, पण काँड्रोस्टेरियमसारखी फळझाडांचा रोग असलेली बुरशी हिमाचल-काश्मीरच्या सफरचंद आणि प्लमच्या देशात पार्सलने येऊ लागली, तर काय होईल याचा विचार करावा.

दुसरं, आणली तरी ती इथे चालेल असं धरून चालता येत नाही. समशीतोष्ण ओलाव्यात वाढणारी बुरशी विदर्भाच्या मे महिन्यात खुंटाच्या तापलेल्या तोंडावर कशी जगेल? आसाम आणि केरळमध्ये मायकेनिया या वेलीवर परदेशी तांबेरा सोडण्याचा प्रयोग २००५-०६ मध्ये झाला होता. संसर्ग झाला, पण बुरशी टिकून पसरली नाही. तो तांबेरा निदान उष्ण प्रदेशातलाच होता.

उपाय निघायचा असेल तर इथल्याच बुरश्यांतून निघेल. दक्षिण आफ्रिकेचा धडा तोच आहे. त्यांनी युरोपातलं काँड्रोस्टेरियम आणलं नाही, आपल्याच देशात वॉटलच्या खुंटांवर आपणहून येणारी सिलिंड्रोबॅसिडियम पाहिली आणि तिला धरलं. आपल्याकडे त्याची पहिली पायरी प्रयोगशाळेत नाही. कोकणात, देशावर, विदर्भात पावसाळ्यात नुकत्याच तोडलेल्या सुबाभळीचे आणि वेड्या बाभळीचे खुंट निवडायचे. फुटवा न आलेले खुंट वेगळे काढायचे. त्यांच्या सालीखाली पहिल्या वर्षी कोणती बुरशी सापडते, ती आंबा, काजू, नारळाच्या खोडावरही कधी दिसते का, एवढी नोंद सलग दोन-तीन पावसाळे करायची. वनशास्त्राच्या विद्यार्थ्याला यासाठी कोयता, कागदी पिशव्या आणि भिंग पुरतं. आंब्यावर ती सापडली तर प्रकरण तिथेच मिटवायचं.